डावी बाजू : कोशिंबीर, मेयोनीज आणि आमचं ग्वाल्हेर



मागच्या वेळी मी बाड्यावरच्या जुन्या दुकानांबद्दल लिहिलं, तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं की काका, आता खाण्यावर लिहा. गजक आणि लाडवांवर पुष्कळांनी लिहून झालं आहे. मी आज लिहितोय पानाच्या डाव्या बाजूबद्दल, म्हणजे कोशिंबिरीबद्दल आणि तिच्या जागी येऊन बसलेल्या त्या पांढऱ्या, मऊ मेयोनीजच्या सॅलडबद्दल. विषय हलका वाटेल, पण माझ्या घरात यावरून दोन महिने अबोला होता आणि चूक माझी होती. ते शेवटी सांगतो. आधी इतिहास.

आमचं घर चिटणीसांच्या गोठीत. आजोबा रियासतीच्या हिशेब खात्यात, वडील शाळेत मास्तर, मी एम.एल.बी. कॉलेजचा बी.कॉम. आणि नंतर अडतीस वर्षं बँक. म्हणजे दोन पिढ्या जमा-नावे करण्यातच गेल्या. आजोबा जेवताना एक गंमत सांगायचे. देशी वहीत डावी बाजू जमेची आणि उजवी नावेची. इंग्रजी लेजरमध्ये बरोबर उलटं, डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा. पानात डावीकडे काय असतं? मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. आजोबा म्हणायचे, "आपलं पान देशी वहीचं आहे. डावीकडचं सगळं जमा." मला ते तेव्हा नुसतं विनोदी वाटायचं.

आमची आई रोज कोशिंबीर करायची. उन्हाळ्यात काकडी, हिवाळ्यात मुळा, गाजर, कधी बीट. काकडी ती किसायची नाही, विळीवर चोचवायची. त्यावर दाण्याचं कूट, दही, मीठ, साखरेची चिमूट आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. दही नसलं तर लिंबू पिळून खमंग काकडी. आणि सणावाराला एक वेगळा प्रकार, जो आता फार कमी घरांत राहिलाय, तो म्हणजे फेसलेल्या मोहरीचा. मोहरी थोड्या पाण्याबरोबर खलात घालून ती इतकी घोटायची की फेसाळून पांढरट व्हायची आणि नाकात झणका जायचा. ती दह्यात कालवून केळ्याचं किंवा भोपळ्याचं रायतं. 'रायतं' या शब्दातली राई म्हणजे मोहरीच. इकडचे लोक बुंदीचं रायतं करतात, त्यात राई औषधालाही नसते, पण नाव राहिलं आहे.

मोहरीचं आमच्या भागाला अप्रूप नाही. मुरैना-भिंडकडे हिवाळ्यात आगगाडीतून बघा, दोन्ही बाजूंना पिवळी शेतं. मुरैन्याचं सरसूचं तेल लांबवर जातं. कोकणातून, देशावरून शिंदेशाहीबरोबर आलेली आपली माणसं इथे येऊन खोबरं विसरली, पण मोहरी त्यांना दारातच मिळाली.

आता मेयोनीजकडे वळू. त्याची जन्मकथा अशी सांगतात की १७५६ साली फ्रेंच सरदार रिशल्यू याने भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावरचं माहोन बंदर इंग्रजांकडून जिंकलं आणि त्याच्या आचाऱ्याने विजयाच्या मेजवानीला हा सॉस केला, म्हणून तो 'माहोनेज'. ही आख्यायिका आहे, पुरावा नव्हे. पण साल मला लक्षात राहिलं, कारण त्याच १७५६ मध्ये इकडे पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पाडला होता. तिकडे इंग्रज हरत होता, इकडे आपणच त्याला हात देत होतो. असो.

मेयोनीज म्हणजे मुळात काय? तेल, अंड्याचा बलक, व्हिनेगर किंवा लिंबू, मीठ आणि बहुधा थोडी मोहरी. तेल आणि पाणी एरवी एकमेकांत मिसळत नाही. बलकात लेसिथिन नावाचा पदार्थ असतो, तो एका हाताने तेल धरतो आणि दुसऱ्या हाताने पाणी. थेंब-थेंब तेल घालत घोटत राहिलं की तेलाचे बारीक कण त्यात अडकून राहतात आणि घट्ट, पांढरट मलम तयार होतं. मोहरी, विशेषतः पिवळ्या मोहरीचा चिकट अंश, हेच धरून ठेवण्याचं काम करतो. हे वाचलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि आईचा खल शोधला. फेसलेली मोहरी आणि मेयोनीज ही दूरची का होईना, भावंडं आहेत! फरक इतकाच की आईने मोहरी दह्यात घातली आणि फ्रेंच आचाऱ्याने तेलात.

पुढे १८६०च्या दशकात मॉस्कोच्या 'हर्मिटेज' नावाच्या उपाहारगृहात ल्युसियाँ ऑलिव्हिए या आचाऱ्याने मेयोनीज घालून एक श्रीमंती सॅलड केलं. मूळ कृतीत महागडं मांस वगैरे होतं. काळाच्या ओघात ते गळलं आणि बटाटा, गाजर, मटार उरले. हेच ते 'रशियन सॅलड'. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड हेलमन नावाच्या दुकानदाराने १९१२च्या सुमारास मेयोनीज बाटलीत भरून विकायला सुरुवात केली आणि जे आचाऱ्याच्या मनगटाचं काम होतं ते किराणा मालात आलं.

ग्वाल्हेरात विलायती टेबल आलं ते महालातून. जयाजीराव महाराजांनी मायकेल फिलोजकडून जयविलास बांधून घेतला १८७४ साली आणि १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्स इथे येऊन गेला. दरबार हॉलची झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची, आणि छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते ही गोष्ट तर तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. जेवणघरातली ती चांदीची आगगाडीही पाहिली असेल. टेबलावर रूळ टाकलेले, मद्याच्या सुरया घेऊन फिरणारी, सुरई उचलली की थांबणारी. पाहुण्यांना घेऊन म्युझियममध्ये गेलो की पोरं तिथून हलत नाहीत.

आजोबांच्या तोंडून ऐकलेलं असं की रियासतीत मोठ्या घरी दोन स्वयंपाक असत. साहेब लोकांचा वेगळा, पाटावरच्या पंगतीचा वेगळा. आमच्यासारखे कारकून लोक दुसऱ्या पंगतीचे. अंडं घरात यायचं नाही, त्यामुळे मेयोनीजचा प्रश्नच नव्हता. मुरारच्या छावणीत साहेबी जेवण असणारच, पण ते आमच्या गल्लीपर्यंत पोहोचलं नाही. त्याला दुसरंही कारण होतं. अंड्याचा कच्चा सॉस आणि ग्वाल्हेरचा जेठ महिना, पारा पंचेचाळीसच्या वर! घरोघरी फ्रिज नसताना हा पदार्थ टिकणार कसा? गोदरेजचा देशी फ्रिज आला १९५८ मध्ये आणि आमच्या घरी तो यायला १९८१ उजाडलं, तेही बँकेच्या कर्जाने.

मी मेयोनीज पहिल्यांदा खाल्लं १९७९ मध्ये, आमच्या शाखेच्या मॅनेजरसाहेबांच्या निरोप समारंभात. काचेच्या मोठ्या बोलमध्ये पांढरंशुभ्र काहीतरी, वर लाल चेरी. मला वाटलं श्रीखंड. मोठा डाव भरून घेतलं, तर आत बटाटा आणि अननस! शेजारी बसलेले आमचे हेड कॅशियर, तेही दौलतगंजातले मराठीच, मला हळूच म्हणाले, "अहो, श्रीखंड समजून मीपण घेऊन राहिलो होतो." दोघांनी मुकाट्याने संपवलं. खरं सांगायचं तर आवडलं. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "दह्याऐवजी तेल? मग त्याला कोशिंबीर कशाला म्हणायचं, लोणचं म्हणा."

नंतर ऐंशी-नव्वदच्या दशकात लग्नात पंगती गेल्या, बुफे आला आणि सॅलडचं टेबल आलं. कोबीचं, मॅकरोनीचं, रशियन. १९९४ च्या मे महिन्यात एका ओळखीच्या लग्नात हे सॅलड संध्याकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत मांडवात उघडं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या घरातली तिघं आडवी. व्हिनेगरमुळे मेयोनीज स्वतः तसं आंबट असतं, त्यात जंतू सहज वाढत नाहीत. पण ते उकडलेल्या बटाट्यात, पास्त्यात कालवलं की आंबटपणा पातळ होतो आणि मग ते कुठल्याही शिजवलेल्या अन्नासारखंच नासतं. साधा नियम असा की असं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि बत्तीस अंशांच्या वर उष्मा असेल तर एकच तास. आमच्याकडे मे महिन्यात बत्तीस अंश म्हणजे पहाटेचा गारवा! कच्च्या अंड्याच्या मेयोनीजचा धोका आणखी वेगळा, साल्मोनेलाचा. म्हणून केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. आपल्याकडे बाटल्या बहुतेक बिनअंड्याच्या मिळतात, त्यामुळे शाकाहारी घरांतही ते शिरलं. मोमोबरोबर, सँडविचमध्ये, आता तर पोळीच्या गुंडाळीतसुद्धा.

आता माझी गोष्ट.

२०१७ मध्ये मला स्टेंट पडला. डॉक्टरांनी सांगितलं, तेल-तूप कमी, फिरणं रोज, सॅलड भरपूर. मी शिस्तीचा माणूस. तूप बंद, पापड बंद, दोन्ही वेळा जेवणाआधी मोठा बाउल सॅलड. आमच्या सूनबाई कानपूरच्या, नोकरी करणाऱ्या, पण सासऱ्याच्या पथ्यासाठी सकाळी उठून काकडी, गाजर, मका, उकडलेले मटार सगळं चिरून ठेवायच्या. नुसतं घशाखाली उतरेना, म्हणून मी नया बाजारातून मेयोनीजची बाटली आणली. बाटलीवर हिरवा ठिपका, पानांचं चित्र. दोन चमचे, मग तीन, मग चार. सहा महिन्यांनी वजन चार किलोने वाढलेलं आणि ट्रायग्लिसराइड आधीपेक्षा वर.

मला संताप आला. घरी माझी बहीण आणि मेहुणे आले होते. त्यांच्यासमोर मी सूनबाईंना म्हटलं, "हे तुमचं सॅलड खाऊन माझी ही गत झाली. आमच्या घरात असलं काही नव्हतं." त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर माझ्या खोलीत आल्या, बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "बाबा, आपण ही वाचलीत का?" आणि गेल्या. पुढचे दोन महिने वाढायच्या, पण माझ्याबरोबर जेवायला बसल्या नाहीत.

मंडळी, अडतीस वर्षांत मी न वाचता एक व्हाउचर पास केलं नाही. आणि ही बाटली सहा महिने न वाचता खाल्ली. त्या रात्री चष्मा लावून वाचली. डब्यामागे घटक लिहिलेले असतात ते वजनाच्या उतरत्या क्रमाने, जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. पहिलाच शब्द तेल.

मग मी बी.कॉम. माणसाने जे करायचं ते केलं, ताळेबंद मांडला. आकडे ढोबळ आहेत, पण पद्धत बरोबर आहे. अस्सल मेयोनीजच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ७०० कॅलरी आणि ७५ ग्रॅम स्निग्ध. म्हणजे तीन चतुर्थांश तेलच. एक मोठा चमचा, १४ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ १०० कॅलरी आणि अकराएक ग्रॅम तेल. चौघांचं रशियन सॅलड करताना आठ चमचे सहज जातात, म्हणजे ८०० कॅलरी. त्यात दोनशे ग्रॅम बटाटा, शंभर-शंभर ग्रॅम मटार आणि गाजर धरले तर आणखी २७५. माणशी २७० कॅलरी आणि सुमारे २२ ग्रॅम स्निग्ध. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिवसाचं जे ताट सांगितलं आहे, दोन हजार कॅलरीचं, त्यात वरून घालायचं तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. म्हणजे दिवसभराचा बहुतेक कोटा जेवणाआधीच डाव्या बाजूला खर्ची! बिनअंड्याच्या बाटल्यांत तेल बहुधा कमी असतं, पण मग घट्टपणासाठी स्टार्च आणि चवीला साखर असते. प्रत्येक बाटलीचं वेगळं, म्हणून वाचायचं.

आता आईची कोशिंबीर. चौघांना तीनशे ग्रॅम काकडी ४५ कॅलरी, म्हशीच्या दुधाचं शंभर ग्रॅम दही साधारण १००, वीस ग्रॅम दाण्याचं कूट ११५, एक लहान चमचा तेलाची फोडणी ४५. एकूण ३०५, माणशी ७५ ते ८०. स्निग्ध साडेपाच ग्रॅम. शिवाय दही-दाण्यांमुळे माणशी अडीच-तीन ग्रॅम प्रथिनं, दह्याचं कॅल्शियम वेगळं.

पण ऑडिट करायचं तर दोन्ही बाजूंचं करावं. मेयोनीज म्हणजे विष नव्हे. त्यातलं तेल बहुधा सोयाबीनचं, म्हणजे बरचसं असंतृप्त. आपल्या सायीच्या दह्यातलं स्निग्ध मात्र बरंचसं संतृप्त, हृदयवाल्यांनी त्याकडेही बघावं. दुसरं, गाजरातलं कॅरोटिन अंगी लागायला थोडं स्निग्ध लागतंच. कोरडं सॅलड चावणारे त्याचा पुरता फायदा घेत नाहीत. आईची चमचाभर फोडणी आणि कूट नुसतं चवीला नव्हतं. तिसरं, कोशिंबिरीत आपण वाटीभर कूट आणि मुठीने साखर घालू लागलो, तर तीही जमेची नावे व्हायला वेळ लागत नाही. मुद्दा पदार्थाच्या नावाचा नाही, चमच्यांचा आहे. आणि सूनबाईंनी चिरलेल्या भाजीत दोष शून्य. सगळा दोष मी ओतलेल्या बाटलीत होता.

आजोबांचा विनोद तेव्हा मला कळला. तीच डावी बाजू, देशी वहीत जमा आणि इंग्रजी लेजरमध्ये नावे. काय लिहिता त्यावर आहे.

माफी मागायला मला आणखी आठ दिवस लागले. आपल्या पिढीच्या सासऱ्यांना ते येत नाही. शेवटी बहीण पुन्हा आली तेव्हा तिच्यासमोरच बोललो, कारण अपमान तिच्यासमोर केला होता. म्हटलं, "बाटली मी आणली, मी खाल्ली, आणि बोल हिला लावला. चूक माझी." सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आता नवीन काहीतरी करू."

नवीन काय, तर जुनंच. दही फडक्यात बांधून चक्का करायचा, श्रीखंडाला करतो तसा, पण सायीशिवायच्या दुधाचा. आईच्या खलात पिवळी मोहरी फेसायची. अर्धी वाटी चक्का, पाऊण चमचा फेसलेली मोहरी, लिंबू, मीठ, साखरेची चिमूट आणि एक लहान चमचा तेल घालून घोटायचं. बघता बघता तसंच मऊ, पांढरं, चमच्याला धरून राहणारं. त्यात उकडलेला मटार, गाजर, काकडी, थोडा बटाटा. काकडीला आधी मीठ लावून पिळून घ्या, नाहीतर पाणी सुटतं. आणि करून लगेच खा, मोहरीचा झणका तासाभरात उतरतो आणि उरलेलं फ्रिजमध्येच ठेवा. मधुमेहवाल्यांनी बटाटा वगळावा, रक्तदाबवाल्यांनी मीठ बेताचं.

आमच्या नातवाने पहिल्या दिवशी नाक धरलं. डोळ्यांत पाणी आलं, पण वाटी पुढे केली. त्याच्या मते हे मेयोनीज आहे, माझ्या मते रायतं. सूनबाई म्हणतात, दोघंही आधी खा.

वजन पुढच्या वर्षात तीन किलो उतरलं, एक अजून उरलंय. रिपोर्टही सुधारले, अर्थात गोळ्या आणि रोजचं फूलबागेपर्यंतचं फिरणं हेही त्यात आहेच. एकट्या मोहरीला श्रेय देणार नाही, बँकेची सवय.

तुमच्या घरी कोणाकडे फेसलेल्या मोहरीचं रायतं अजून होत असेल तर खाली जरूर लिहा. कशात घालता, केळं, भोपळा की आणखी काही? आणि लश्करच्या जुन्या घरांत आजीचा खल माळ्यावर पडला असेल, तर तो काढून धुवून ठेवा.